आधी मनगट, मग कीबोर्ड

पत्राचा सारांश: "गेली काही वर्षं मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे, बहुतेक दिवस घरूनच काम करते. साधनांची मला मनापासून आवड आहे. मेकॅनिकल कीबोर्ड, दोन मॉनिटर, टर्मिनलचे (आज्ञा टाइप करायच्या खिडकीचे) रंग, फॉन्ट यांत माझे सुट्टीचे दिवस कसे जातात कळत नाही. वर्षभरात कोड लिहायचा व्हीएस कोड हा एडिटर सोडून निओव्हिम हा दुसरा एडिटर घेतला, परत व्हीएस कोडवर आले, आता पुन्हा निओव्हिमकडे मन ओढतंय. एवढं करूनही कामाला वेळ तेवढाच लागतो. टीममधले एक ज्येष्ठ सहकारी जुन्या लॅपटॉपवर, त्याच्याच कीबोर्डवर काम करतात आणि सगळ्यांच्या आधी मोकळे होतात. 'साधनांत काही नसतं, डोक्यात असतं,' असं ते म्हणतात. थोडे पैसे बाजूला ठेवले आहेत. उंची बदलणारं टेबल, चांगली खुर्ची, दोन भागांचा कीबोर्ड आणि मोठा मॉनिटर घ्यायचं मनात आहे, पण सगळं एकदम परवडणार नाही. घरच्यांना हे चोचले वाटतात. हल्ली रात्री उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात, पण ते कामाच्या ताणाने होत असेल. आधी काय घेऊ? की हा नादच सोडून देऊ?"

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि लगेच "ताणाने होत असेल" म्हणून मिटवूनही टाकलंय. रात्री बोटांना मुंग्या येतात. बाकीची चर्चा नंतर करू, आधी याबद्दल बोलू.

मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात ते दोन-चार रात्री नीट बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडचा अर्धा भाग, एवढ्याच ठिकाणी येत असतील तर मनगटातून जाणारी एक नस दाबली जात असण्याची शक्यता असते. करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग बधिर होत असेल तर ती नस वेगळी. ती कोपराच्या मागून जाते आणि कोपर फार वेळ दुमडून बसल्याने किंवा खुर्चीच्या कडक हातावर टेकवल्याने कुरकुरते. झोपेत आपण मनगटं आणि कोपरं नकळत वाकवतो, म्हणून त्रास रात्री जास्त जाणवतो. हात झटकल्यावर बरं वाटतं का, सकाळी पकड कमजोर वाटते का, वस्तू हातातून निसटतात का, हेही लिहून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. पकड कमजोर झाली असेल तर एक दिवसही थांबू नका.

सगळा दोष कीबोर्डला देऊन मोकळं होऊ नका, असंही मी म्हणेन. अशा मुंग्या मधुमेहात, थायरॉइडच्या तक्रारीत, गरोदरपणातही येतात. कारण डॉक्टरांनी शोधायचं. दोन भागांचा कीबोर्ड मागवून आपणच आपल्यावर उपचार सुरू करायचे, हा मार्ग आपल्या पेशातल्या फार लोकांनी धरलेला मी पाहिलाय. त्यात महिने जातात आणि नस तशीच दाबलेली राहते.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत, आहे त्याच सामानात बसण्याची मांडणी सुधारा. याला पैसे लागत नाहीत आणि नंतर काय विकत घ्यायचं हेही यातूनच कळतं.

खुर्चीत बसा, खांदे सैल सोडा, कोपर साधारण काटकोनात वाकवा. हात जिथे येतील तिथे, त्याच उंचीवर कीबोर्ड हवा. बहुतेक टेबलं पाऊण मीटरच्या आसपास उंच असतात आणि बऱ्याच जणांना ती उंचीने जास्त होतात. मग आपण खांदे कानांकडे उचलून टाइप करत राहतो आणि संध्याकाळी मान का दुखते याचं नवल करतो. टेबल खाली येत नसेल तर खुर्ची वर घ्या. पाय लोंबकळायला लागले तर त्यांच्याखाली काहीतरी भक्कम ठेवा.

आता कीबोर्ड उलटा करा. मागच्या बाजूला दोन छोटे दुमडणारे पाय असतात. तुमचे उघडलेले असणार, जवळपास सगळ्यांचे असतात. ते बंद करा. पाय उघडले की कीबोर्डची मागची कड उचलली जाते आणि बोटं वर पोहोचवायला मनगट मागे मोडावं लागतं. दिवसभर त्या मोडलेल्या मनगटावर काम होतं. एक बोटभर हालचालीचा हा बदल आहे, पण मला तो महागड्या कीबोर्डाहून मोलाचा वाटतो. मनगटाखाली ठेवायची गादीही टाइप करताना टेकायला नसते. थांबल्यावर हात विसावायला ती असते. टाइप करताना हात तरंगता राहू द्या.

उजव्या हाताबद्दल आणखी एक शंका. तुमच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा गठ्ठा आहे का? असेल तर माउस तेवढा लांब सरकतो आणि माउस धरायला दंड दिवसभर बाहेर फाकलेला राहतो. तो गठ्ठा नसलेला कीबोर्ड घेतला की माउस आपसूक जवळ येतो. तो येईपर्यंत काही दिवस माउस डाव्या हाताने वापरून बघा. सुरुवातीला चिडचिड होते, पण उजव्या हाताला खरी विश्रांती मिळते.

पडद्याचं थोडक्यात सांगतो. हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढ्या अंतरावर पडदा, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. जवळचं-लांबचं एकाच काचेतून बघायचा चश्मा असेल तर पडदा आणखी खाली घ्या, नाहीतर मान मागे टाकून वाचावं लागतं. दोन मॉनिटर असतील तर दोघांच्या मधली फट नाकासमोर येऊ देऊ नका. ज्यावर जास्त काम चालतं तो अगदी समोर आणि दुसरा बाजूला. नुसत्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यांची अडचण मूळ रचनेतच आहे. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे मान सरळ ठेवली तर हात चुकतात आणि हात नीट ठेवले तर मान वाकते. लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवायचा आणि कीबोर्ड-माउस वेगळे लावायचे, एवढ्याने हे सुटतं. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही हे सांगा, कारण त्यांच्या लॅपटॉपबद्दल वाचून मला त्यांच्या मानेची काळजी वाटली.

आता त्यांच्या वाक्याकडे येऊ. "साधनांत काही नसतं, डोक्यात असतं." हे ऐकून तुम्ही स्वतःला अपराधी ठरवून टाकलंत. पण तुम्हाला दिसतोय तो फक्त त्यांचा जुना लॅपटॉप. त्यांनी एकच एडिटर किती वर्षं वापरलाय, त्यातल्या किती गोष्टी त्यांच्या बोटांना पाठ आहेत, कोड कुठे कसा लिहिलाय याचा नकाशा त्यांच्या मनात किती पक्का आहे, हे लांबून दिसत नाही. त्यांच्याकडे साधनं नाहीत असं नव्हे. त्यांची साधनं त्यांना इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यांना स्वतःलाही ती जाणवत नाहीत. त्यांना विनंती करा की एखादा बग सोडवताना तासभर शेजारी बसू द्या, नाहीतर स्क्रीन शेअर करा. टाइपिंगचा वेग बघू नका. बग आल्यावर ते पहिल्यांदा काय उघडतात, कुठला लॉग वाचतात, कुठला प्रश्न स्वतःला विचारतात, ते बघा. त्या तासातून जे मिळेल ते कुठल्याही प्लगइनमध्ये नाही.

दुसऱ्याचं आवडतं साधन आपल्याला का बसत नाही, याचं उत्तम उदाहरण तुम्ही ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा ओढल्या जाता त्या निओव्हिमच्या पूर्वजातच आहे. व्हीआय हा एडिटर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात लिहिला, एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डावर. त्या टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. म्हणून आजही व्हीआयच्या वारसात, म्हणजे व्हिममध्ये, कर्सर त्या चार अक्षरांनी हलतो. लिहिणं थांबवून आज्ञा द्यायला लागणारी एस्केपची कळ त्या टर्मिनलवर क्यूच्या शेजारी होती, आज जिथे टॅब असते तिथे, म्हणजे करंगळीच्या टप्प्यात. आजच्या कीबोर्डावर ती वरच्या कोपऱ्यात गेली, पण सवय तीच राहिली. म्हणून आज व्हिम वापरणारे कितीतरी जण कॅप्स लॉकच्या जागी एस्केप बसवून घेतात. आज्ञा एकेका अक्षराच्या, कारण टर्मिनलची संगणकाशी जोडणी अतिशय मंद होती आणि प्रत्येक अक्षराला वेळ लागत असे. पुढे १९९१ मध्ये ब्राम मोलेनार यांनी व्हिम आणला, २०१४ मध्ये त्यातून निओव्हिम निघाला. मला ही परंपरा फार आवडते. एका माणसाने आपल्या टेबलावरची अडचण ओळखून तिच्यावर नेमका उपाय केला, म्हणून ते साधन इतकं टिकलं. तुम्हीही सुरुवात तिथूनच करायला हवी. तुमच्या टेबलावरची अडचण कोणती?

तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. काय घ्यायचं याची यादी आहे, पण वेळ नेमका कुठे जातो याबद्दल एक ओळ नाही. म्हणून एक आठवडा एवढंच करा. कागद शेजारी ठेवा आणि जेव्हा जेव्हा थांबावं लागेल किंवा वैताग येईल तेव्हा एक ओळ लिहा. "सगळ्या टेस्ट चालू, सहा मिनिटं, तोवर फोन बघितला, परत यायला वीस मिनिटं." "हे फंक्शन कुठून बोलावलंय ते शोधलं." "रिव्ह्यूची वाट." "दुसरी ब्रांच (कोडची समांतर प्रत) बघायची होती, अर्धवट काम बाजूला ठेवलं, परत आणताना घोळ." सुंदर लिहू नका, त्या क्षणी लिहा.

माझा अंदाज सांगतो. त्या कागदावर "टाइप करायला वेळ लागला" अशी ओळ क्वचितच येईल. आपला बराचसा वेळ दुसऱ्याचा कोड वाचण्यात, काहीतरी संपायची वाट बघण्यात आणि तुटलेला धागा पुन्हा पकडण्यात जातो. कीबोर्ड किंवा एडिटर बदलून वेग का वाढला नाही, याचं उत्तर तिथे असेल.

आणि मग एकेका ओळीला साधन शोधा. सगळ्या टेस्टची वाट बघावी लागते? बदललेल्या फाइलपुरतीच टेस्ट एका कळीवर चालेल अशी सोय करा. ही सोय नसलेला महाग एडिटर वापरण्यापेक्षा ती असलेला साधा एडिटर बरा. बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार होणं, रेंगाळतोय? त्या वेळी मेमरी भरलेली दिसते का ते बघा. भरत असेल तर सगळ्या खरेदीत आधी रॅम, आणि यंत्र कंपनीचं असेल तर ती कंपनीकडेच मागा. चालू असलेलं सोडून दुसरी ब्रांच बघावी लागते? गिट या कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये २०१५ पासून वर्कट्री ही सोय आहे. दोन ब्रांच दोन वेगळ्या फोल्डरमध्ये एकाच वेळी उघड्या ठेवता येतात. परवापर्यंत चालणारी गोष्ट आज बंद पडली? गिट बायसेक्ट वापरा. मधले कमिट, म्हणजे नोंदवून ठेवलेले बदल, ते निम्मे-निम्मे करत तपासतं, त्यामुळे हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडतो. आणि जागोजागी प्रिंट टाकून बग शोधत असाल तर आठवडाभर हट्टाने डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम हवा तिथे थांबवून आत बघू देणारं साधन, वापरा, विशेषतः अट घालून थांबवायची सोय. "ऑर्डर रिकामी असेल तेव्हाच थांब" असं सांगता आलं की शंभर वेळा पुढे-पुढे दाबायचं वाचतं. यातल्या बहुतेक गोष्टी तुमच्याकडे आत्ताच आहेत आणि फुकट आहेत. त्या दिसायला देखण्या नाहीत, एवढंच.

एडिटरचं काय करायचं, यावर मी ठाम मत देतो. एक निवडा आणि सहा महिने बदलू नका. कुठला, याने आता पूर्वीइतका फरक पडत नाही. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आला. त्यामुळे व्याख्येवर उडी मारणं, नाव सगळीकडे बदलणं, चूक लिहिता लिहिता दाखवणं हे काम एडिटरबाहेरचा एक वेगळा प्रोग्राम करतो, आणि व्हीएस कोड व निओव्हिम दोघंही अशा प्रोग्रामशी बोलू शकतात. राहिला फरक हाताळणीचा. तुम्हाला निओव्हिमची ओढ त्याच्या कळांमुळे वाटत असेल तर व्हीएस कोडमध्ये व्हिमच्या कळांचं एक्स्टेन्शन टाका. रोजचं काम न अडवता तीच भाषा बोटांत मुरते. मग एकच शिस्त पाळा. एखादी हालचाल दिवसात तिसऱ्यांदा हाताने करतेय असं वाटलं की थांबायचं, तिची आज्ञा शोधायची आणि तो दिवस ती आज्ञाच वापरायची. सेटिंगच्या फाइल गिटमध्ये ठेवा म्हणजे खेळ करून बिघडलं तरी कालची मांडणी परत आणता येते.

घरच्यांच्या "चोचले" या शब्दाला माझ्या मते दोन वेगळी उत्तरं आहेत आणि तुम्ही ती एकत्र केल्याने अडचणीत आलात. खुर्ची, पडद्याची उंची, मनगटाला न मोडणारा कीबोर्ड हे चोचले नाहीत. ज्या शरीराने तुम्ही कमावता त्याची ती काळजी आहे आणि त्यासाठी कोणाची समजूत काढत बसायची गरज नाही. कळांचा आवाज, टर्मिनलचे रंग, सुबक फॉन्ट ही आवड आहे. तिच्यावर वेग वाढवायची जबाबदारी टाकू नका. "याने माझं काम भरभर होईल" असं सांगून घेतलेली वस्तू काम भरभर झालं नाही की आपल्यालाच टोचायला लागते. "मला हे आवडतं म्हणून घेतलं" असं सरळ सांगा. आवडीच्या वस्तूवर दिवसाचे आठ-नऊ तास बोटं ठेवायला मिळणं हे सुख आहे आणि त्या सुखाचा हिशेब कोणी मागू नये. म्हणून नाद सोडू नका. फक्त त्याचा वेळ कामाच्या वेळेतून काढू नका आणि त्याचे पैसे खुर्चीच्या पैशातून.

त्या आवडीतूनही थोडा फायदा होतो. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असतो. नेहमीच्या स्विचची कळ एकूण ४ मिलीमीटर खाली जाते, पण अक्षर २ मिलीमीटरच्या आसपासच उमटतं. म्हणजे कळ तळाला आपटायची गरजच नसते. लाल स्विच सरळ खाली जातात, तपकिरी स्विचला मध्ये हलका अडथळा जाणवतो, निळे टकटक वाजतात. हलक्या बोटांनी टाइप करायला शिकायचं असेल तर तो जाणवणारा अडथळा मदत करतो. निळे मात्र घरात कोणी झोपलेलं असताना किंवा मीटिंगमध्ये माइक चालू असताना वापरू नयेत. फॉन्ट निवडताना शून्य आणि मोठा ओ, तसंच एक, छोटा एल आणि मोठा आय वेगळे ओळखू येतात ना, एवढं तपासा. बाकी सगळी आवडनिवड.

खरेदीचा क्रम विचारलात तर डॉक्टरनंतर खुर्ची. दुकानात दोन मिनिटं टेकून ठरवू नका, जमेल तेवढा वेळ बसा. पाठ टेकल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा राहायला हवी, आणि खुर्चीचे हात टेबलाखाली जायला हवेत, नाहीतर तुम्ही टेबलापासून लांब बसाल आणि पुढे वाकाल. त्यानंतर आकड्यांचा गठ्ठा नसलेला कीबोर्ड. मग मॉनिटर. आकार बघून भुलू नका. २७ इंचांवर १९२० बाय १०८० एवढेच ठिपके असतील तर इंचाला जेमतेम ८२ पडतात आणि अक्षरं फुटलेली दिसतात. त्याच आकारात २५६० बाय १४४० असतील तर १०९ च्या घरात जातात. दिवसभर अक्षरंच बघायची असल्याने हा फरक डोळ्यांना कळतो. पडदा कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो. तेव्हा दर २० मिनिटांनी ६ मीटरवरच्या कशाकडे तरी २० सेकंद बघत जा.

उंची बदलणारं टेबल मी शेवटी ठेवतो. दिवसभर उभं राहणंही दिवसभर बसण्याइतकंच दुखतं. फायदा असतो तो स्थिती बदलण्यात, आणि फोनवर बोलताना उठून चालण्याने तो आजच मिळू शकतो. मात्र तुमची उंची सरासरीपेक्षा बरीच कमी किंवा जास्त असेल आणि खुर्ची कितीही खालीवर केली तरी कोपर जुळत नसेल, तर हेच टेबल खुर्चीनंतर लगेच घ्या.

राहिला दोन भागांचा कीबोर्ड. खांद्याएवढ्या अंतरावर दोन्ही हात ठेवता येतात आणि मनगट करंगळीच्या बाजूला मुडपत नाही, हा त्याचा खरा गुण. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट "चालेल" म्हणाले तर जरूर घ्या, आणि शक्य असेल तर आधी कोणाकडून तरी उसना आणून बघा. सुरुवातीला वेग बराच पडतो, बी आणि वाय कुठल्या हाताने दाबायचे इथे बोटं अडखळतात. म्हणून रिलीजच्या आठवड्यात तो काढू नका. काम हलकं असेल तेव्हा रोज अर्धा तास, तोही पत्रं आणि नोंदी लिहायला वापरा, आणि जुना कीबोर्ड बाजूला जोडलेलाच राहू द्या.